चातुर्मासाचा एक नेम : शाळेच्या अंगणात

आषाढाची चाहूल लागली, की श्रीक्षेत्र देहूहून निघालेला जगद्गुरु श्री तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधल्या भूमीत प्रवेश करतो. तुकोबारायांचे सुपुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये ही पालखीची परंपरा सुरू केली, असे मानले जाते. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांनी वैष्णवांच्या या मेळ्याला आपल्या अंगणात उतरवून घेतले आहे. उंडवडी गवळ्याची येथून पालखी बारामतीत येते व शारदा प्रांगणात विसावते. काटेवाडीत परीट समाजाची मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे सणसर, बेलवाडीचे पहिले गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी. सराटीला नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान घडते व सोहळा पुणे जिल्ह्याचा निरोप घेतो.

या वाटेवरच्या गावांत मंदिर, मठ आणि मंगल कार्यालये भरून गेली, की दिंड्यांच्या मुक्कामासाठी शाळा उघडल्या जातात. कालपर्यंत ज्या खोलीत पाढ्यांचा घोष चालला होता, त्या खोलीत त्या रात्री टाळ-मृदंगाचा नाद घुमतो. बाके भिंतीकडे सरतात, फळ्याखाली पडशा मांडल्या जातात, व्हरांड्यात तुळशीवृंदावन डोईवरून उतरते. गावातील माउली घरोघरच्या भाकरी आणि पिठले घेऊन शाळेच्या दारी येतात. कोणी पाण्याचे पिंप भरतो, कोणी म्हाताऱ्या वारकऱ्याच्या भेगाळलेल्या पायांना तेल चोळतो. कोण कुठला, हे कोणी विचारीत नाही. एका रात्रीपुरती गावची प्राथमिक शाळा धर्मशाळा होते आणि गाव यजमान होते.

पहाटे काकडा होतो, चौघडा वाजतो आणि पालखी पुढे जाते. मग शाळेच्या अंगणात उरतात ती पत्रावळींची रास, चिखलाचे ठसे आणि रिकामी पिंपे. या दिवशी जी सेवा घडते, तिला अबीर-बुक्क्याचा सुगंध नसतो, तिचे छायाचित्र कोणी घेत नाही. तरीही गावातील तरुण, शिक्षक आणि काही आयाबाया झाडू घेऊन येतात, खोल्या धुतात, संडास स्वच्छ करतात, बाके जागच्या जागी लावतात. कारण मुले पुन्हा येणार असतात. गाडगेबाबांचे (१८७६-१९५६) सारे जीवन म्हणजे अशीच एक अखंड सेवा होती. दिवसा खराट्याने गाव झाडावे, रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडावीत आणि प्रत्येक कीर्तनात मुलांना शाळेत घाला असे कळवळून सांगावे, हा त्यांचा क्रम. पंढरपुरात त्यांनी उभारलेली चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली गेली, ती विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी. आपल्या वाटेवर शाळेची धर्मशाळा होते. बाबांनी धर्मशाळेचे विद्यार्थ्यांसाठी दान केले. पांथस्थाला निवारा देणे आणि मुलाला अक्षर देणे ही दोन्ही पुण्यकर्मे त्यांच्या लेखी एकच होती.

वाचकहो, आषाढातील पाहुणचार आपण उत्तम रीतीने करतो. प्रश्न आहे तो कार्तिकातील पाहुण्यांचा.

नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात आले आणि कालव्याच्या काठी उसाचे मळे उभे राहिले. आज बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वरनगर, इंदापूर तालुक्यात भवानीनगर आणि बिजवडी येथे साखर कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. भवानीनगर तर काटेवाडी आणि सणसर यांच्या मधेच, पालखीच्याच वाटेवर आहे. कार्तिकाच्या सुमारास गाळपाचा हंगाम सुरू झाला, की याच वाटेने दुसरी एक दिंडी येते. तिच्यापुढे पताका नसतात. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतील कोरडवाहू गावांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात; ट्रकवर भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरेबाळे लादलेली असतात. यांच्यातही तुळशीमाळ घातलेले कितीतरी असतात. वारकरी एक रात्र राहतो. हे पाहुणे चार-पाच महिने शेताच्या कडेला, पाचटाच्या कोपीत राहतात.

नवरा-बायकोच्या जोडीला तेथे एक 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हा कोयता पहाटेच्या काळोखात फडात जातो. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. कोपीत मागे राहते ती आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि तिच्या कडेवरचे धाकटे भावंड. पाणी आणावे, चूल पेटवावी, भावंडाला निजवावे, वाढे गोळा करावे, हीच तिची दिनचर्या. मूळ गावच्या शाळेत तिचे नाव असते; पण हंगाम संपवून फाल्गुन-चैत्रात ती परतते, तेव्हा वर्गाचे निम्मे वर्ष सरलेले असते. असे दोन-तीन हंगाम गेले, की शाळेची वाट कायमची सुटते आणि पुढे त्याच मुलीच्या हातात कोयता येतो.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो. जन्माचा दाखला नाही किंवा वर्ष अर्धे सरले, म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची व्यवस्था आहे. मूळ गावी आजी-आजोबांजवळ राहून शिकता यावे म्हणून हंगामी वसतिगृहेही चालवली जातात. दार उघडे आहे, यात शंका नाही. परंतु शेताच्या कडेची कोपी आणि शाळेचे दार यांच्यामध्ये दोन-तीन किलोमीटरची वाट असते, उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला रस्ता असतो आणि परक्या गावाची भीती असते. हे अंतर कायद्याने कापले जात नाही. ते कोणीतरी मुलाचा हात धरूनच कापावे लागते. एकट्या-दुकट्या शिक्षकाने वर्ग सांभाळावा, की कोपी-कोपी फिरून मुले आणावीत?

येथेच आपल्या श्रद्धाळू घरांना एक संधी आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास सुरू होतो. कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी रोज एक अध्याय वाचतो, कोणी लक्ष वाती लावतो. या चार महिन्यांत आठवड्यातून एक तास गावच्या प्राथमिक शाळेला देण्याचा नेम का धरू नये? निवृत्त गृहस्थांनी पहिली-दुसरीच्या मुलांना जवळ बसवून वाचून दाखवावे, त्यांच्याकडून वाचून घ्यावे. गृहिणींनी शालेय पोषण आहाराच्या पंगतीत वाढायला जावे, तांदूळ-डाळ निवडायला हात लावावा. सुतार, गवंडी, वीजतंत्री यांनी आपल्या कसबाचा एक दिवस द्यावा. बारामतीच्या जिरायत पट्ट्यात तर शाळेची झाडे उन्हाळ्याच्या सुट्टीत पाण्यावाचून वाळतात. त्यांना दोन घागरी घालणे हेही तुळशीला पाणी घालण्याइतकेच पवित्र आहे. वडीलधाऱ्यांच्या पुण्यतिथीला अन्नदान करायचे असेल, तर पोषण आहार योजनेतच 'तिथी भोजना'ची सोय आहे. मुख्याध्यापकांना आधी सांगून, शाळेच्या नियमाप्रमाणे, त्या दिवशी मुलांच्या ताटात एक गोड पदार्थ आपल्या घरचा वाढता येतो.

चातुर्मासाची सांगता कार्तिकी एकादशीला होते आणि त्याच सुमारास टोळ्या येतात. नेमाचे खरे उद्यापन तेव्हा करावे. शिक्षकांच्या सोबत चार माणसांनी कोप्यांवर जावे, मुले मोजावीत, आईबापांशी दोन शब्द बोलावेत. ज्याच्या मळ्यात टोळी उतरली आहे, त्या शेतकऱ्याने मुलांना शाळेपर्यंत नेण्या-आणण्याची सोय पाहावी. धाकटे भावंड कडेवर असेल, तर त्याला अंगणवाडीत पोचवावे, म्हणजे थोरली मोकळी होईल. शाळा सुटल्यावर आईबाप फडातून येईपर्यंत मंदिराच्या सभामंडपात त्यांना बसू द्यावे. दिवेलागणीला तेथे परवचा झाला, तर देवालाही तो हरिपाठाइतकाच गोड वाटेल.

मात्र सेवेलाही पथ्य असते. मदतीला आलेल्याने शिक्षकाच्या जागी बसू नये. त्याच्या सांगण्याने वागावे. दिलेल्या पाटी-दप्तरावर आपले नाव घालू नये. परगावच्या मुलाला वर्गात वेगळे बसवू नये, त्याच्या बोलीला हसू नये, शाळा झाडण्याचे काम त्याच्याच माथी मारू नये. पंढरीच्या वाळवंटात सारे एकमेकांच्या पाया पडतात. शाळेच्या पंगतीत तोच धर्म पाळला गेला पाहिजे.

तुकोबारायांचे चरित्र आपण जाणतो. दुष्काळाने त्यांची प्रथम पत्नी व थोरला मुलगा हिरावून नेला. घर सावकारीचे. तरीही लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. दुसऱ्याच्या मानेवरचे ऋण उतरवणे हीच त्यांच्या भक्तीची पहिली पायरी होती. उचल घेऊन आलेल्या आईबापांचे ऋण आपल्याला एका दिवसात फेडता येणार नाही. पण ते त्यांच्या मुलीच्या मानेवर उतरू नये, एवढे तर गावाच्या हाती आहे. ती लिहू-वाचू लागली, हिशेब करू लागली, तर मुकादमाच्या वहीतील आकडा तिला वाचता येईल. एका पिढीने कोयता खाली ठेवण्याची सुरुवात तेथून होते.

आज घरोघरी उपवास आहे, ओठांवर विठ्ठलनाम आहे. चंद्रभागेतीरी पोचलेल्या आपल्या माणसांसाठी आपण हात जोडू, तेव्हा देवघरासमोर हा एक नेमही बोलून टाकावा. पालखी पुढे गेली असली, तरी ज्या अंगणात ती उतरली होती ते अंगण आपल्या गावातच आहे. उद्या द्वादशीला पारणे सोडावे आणि शाळेची घंटा होण्याआधी त्या अंगणात जाऊन उभे राहावे.