पीक कापणीचा चौकोन आणि डॉ. सुखात्मे

राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांतून विद्यार्थ्यांचे जे प्रबंध तयार होतात, त्यांच्या संदर्भसूचीत दोन नावे हटकून जोडीने आढळतात: पानसे आणि सुखात्मे. शेतीच्या प्रयोगांतील आकडे कसे तपासावेत हे सांगणारा या दोघांचा इंग्रजी ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने 1954 साली प्रसिद्ध केला. एखाद्या विद्वानाच्या लेखनाचा आधार इतरांनी किती वेळा घेतला, यावरून त्याचे कार्य मोजण्याची रीत आहे. त्या मापानेही हे नाव मोठेच ठरते. परंतु डॉ. सुखात्मे यांच्या एका संशोधनाचा वापर प्रत्येक हंगामात बांधावर होत असतो, आणि तो करणाऱ्यांपैकी अनेकांनी त्यांचे नावही ऐकलेले नसते.

डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म 1911 साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनला गेले. तेथे नेमन व पिअर्सन या नामांकित संख्याशास्त्रज्ञांच्या सहवासात त्यांनी नमुना पाहणीच्या शास्त्राचा अभ्यास केला. 1940 साली ते कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. इंदूर येथे कापसावर संशोधन केलेले डॉ. वि. गो. पानसे हे त्यांचे महत्त्वाचे सहकारी होत.

त्या काळी पिकाचा अंदाज आणेवारीवर चाले. गावचे अधिकारी उभ्या पिकावरून नजर फिरवीत आणि पीक दहा आणे की बारा आणे, ते ठरवीत. एकाच शेतास दोन जाणत्यांनी दोन निरनिराळे आकडे द्यावेत, यात नवल नव्हते. याऐवजी शेते चिठ्ठीने निवडावीत, शेतातील जागाही तशीच निवडावी, आणि तेथील पीक प्रत्यक्ष कापून तोलावे, ही पद्धत पुढे आली. हाच पीक कापणी प्रयोग.

मग वाद निघाला तो तुकडा केवढा कापावा याचा. बंगालमध्ये प्रा. महालनोबीस लहान वर्तुळाकार तुकडे कापवून घेत. त्यामुळे श्रम व खर्च वाचून अधिक ठिकाणे पाहता येत. हा हिशेब काही चुकीचा नव्हता. सुखात्मे यांनी मात्र मुरादाबाद जिल्ह्यातील बागायती गव्हावर निरनिराळ्या आकारांचे तुकडे कापून तुलना केली आणि 1947 साली अमेरिकेतील संख्याशास्त्राच्या नियतकालिकात ती मांडली. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळातून काढलेले उत्पन्न खऱ्यापेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी फुगलेले निघाले.

कापणाऱ्यांनी लबाडी केली, असे मुळीच नाही. दोष काठाचा होता. रेषेवर आलेला ठोंब आत धरावा की बाहेर, हा प्रश्न पडला की हात सहज तो आत घेतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र साडेबारा चौरस फुटांच्या किंचित वर, आणि परीघही तितकेच फूट. म्हणजे दर चौरस फुटामागे बारा इंच काठ. त्याऐवजी 33 फूट लांब व साडेसोळा फूट रुंद चौकोन घेतला, तर काठ 99 फूट आणि क्षेत्र साडेपाचशे चौरस फुटांस थोडे कमी. येथे दर चौरस फुटामागे काठ सव्वादोन इंचही भरत नाही. हा चौकोन बरोबर एक ऐंशीअंश एकर होतो. आजच्या मीटरच्या भाषेत तो सुमारे 10 मीटर लांब व 5 मीटर रुंद भरतो.

सुखात्मे 1951 साली जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख म्हणून गेले. 1971 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. उत्तरायुष्यात पुण्यात राहून त्यांनी अमेरिकेतील शेल्डन मार्गेन यांच्यासमवेत आहाराविषयी जो सिद्धांत मांडला, त्यावर पोषणशास्त्रज्ञांनी कठोर टीका केली. म्हणजे त्यांचा उल्लेख करणारे सारेच त्यांच्याशी सहमत होते, असे नव्हे. 1997 साली त्यांचे निधन झाले.

काठाचा प्रश्न मात्र आजही शेतकऱ्याच्या खिशाशी निगडित आहे. 1999 ची राष्ट्रीय कृषी विमा योजना व 2016 ची प्रधानमंत्री फसल बीमा योजना, या दोहोंत मंडळाच्या सरासरी उत्पन्नासाठी कापणी प्रयोगांचा मोठा आधार घेतला गेला. ही सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेली तरच भरपाई लागू होते. काठावरचे ठोंब आत ओढले गेले, तर बुडालेले पीकही कागदावर तरते, आणि साऱ्या मंडळाचा दावा जातो.

म्हणून खुंट्या ठोकून झाल्यावर दोरी ताणून घ्यावी. कर्ण दोन्ही बाजूंनी मोजावेत. ते सारखे नसतील तर चौकोन तिरपा आहे असे समजावे. रेषेवरच्या ठोंबाचे बूड पाहावे, शेंडा नव्हे. अर्ध्याहून अधिक बूड आत असेल तरच तो कापावा. ज्याचे शेत निवडले गेले आहे त्या शेतकऱ्याने कापणीस विळा लागण्यापूर्वीच हजर राहावे, तोलाच्या वेळी नव्हे.