बडीशेप वास लपवते, आकडा नाही

नाकाबंदी लांबून दिसली की गाडीतली मंडळी कामाला लागतात. कुणी बडीशेप तोंडात टाकतो, कुणी पुदिन्याची गोळी चघळतो, कुणी घटाघटा पाणी पितो. यातल्या कशाचाही उपयोग होत नाही. पोटातून आणि लहान आतड्यातून रक्तात मिसळलेले अल्कोहोल फुप्फुसांतून श्वासात उतरते. ब्रेथ अ‍ॅनालायझर वास घेत नाही, तो लांब फुंकरीतले हे अल्कोहोल मोजतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना गाडी चालवणे हा गुन्हा आहे.

‘थोडी झोप काढली की उतरते’ हा दुसरा गैरसमज. यकृत ताशी साधारण १५ मिलिग्रॅम या संथ गतीनेच हे प्रमाण खाली आणते. रात्री एक वाजता १५० असलेला आकडा सकाळी सातला ६० च्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट असतो. कॉफी, लिंबूपाणी किंवा गार पाण्याच्या अंघोळीने तरतरी येते, यकृताचा वेग वाढत नाही.

‘मला चढत नाही’ असे सांगणाऱ्याचा पाय सवयीमुळे कदाचित लटपटणार नाही. पण अंतराचा अंदाज चुकतो आणि ब्रेक दाबायला उशीर होतो. शिवाय कायदा आकडा पाहतो, तोल नव्हे.

‘फुंकर मारलीच नाही तर पुरावा कुठून येणार?’ असेही अनेकांना वाटते. प्रत्यक्षात सबळ कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ नुसार आरोपीच्याच विरोधात धरता येतो, आणि नकार देणाऱ्याला पोलीस ठाण्यात डॉक्टरांकडे रक्ताचा नमुना देण्यास सांगता येते. अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर सोडावे लागते हे खरे. पण ती सुटका कोठडीतून असते, खटल्यातून नव्हे.

खोकल्याच्या औषधाची किंवा माउथवॉशची सबब मात्र सरसकट खोटी नसते. काही औषधांत अल्कोहोल असते आणि ते काही मिनिटे तोंडात रेंगाळते. अशा वेळी हुज्जत न घालता पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घेण्याची विनंती करावी आणि रक्ततपासणीचा आग्रह धरावा. तोंडातले अल्कोहोल तोवर निघून जाते, रक्तातले जात नाही.

खरा बचाव इथेच असतो. रक्त घेताना त्वचा स्पिरिटने पुसायची नसते. बाटलीत रक्त टिकवणारे सोडियम फ्लोराइड लागते. नमुना घेतल्याची वेळ, सील, सह्या आणि प्रयोगशाळेपर्यंतचा प्रवास नोंदलेला असावा लागतो. यातली त्रुटी वकील न्यायालयात दाखवू शकतो. तोंडाला वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यप्राशन सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९७१ मध्ये म्हटले होते. म्हणजे ज्याने घेतलेली नाही, त्याच्या बाजूची सर्वात भक्कम साक्ष चाचणीच देते.

‘फार तर दंड होईल’ हा शेवटचा आणि सर्वात महागात पडणारा समज. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. परवानाही जाऊ शकतो. अपघातात कुणी दगावले तर प्रकरण निष्काळजीपणावर थांबेलच असे नाही. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये पदपथावर झोपलेले सात मजूर गाडीखाली चिरडले गेले. मद्यप्राशन केलेल्या चालकाला सदोष मनुष्यवधासाठी झालेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली.

पहिला पेला भरण्याआधीच गाडीची किल्ली न पिणाऱ्याच्या हाती द्यावी. तसा कुणी सोबत नसेल तर रिक्षाने घरी जावे आणि गाडी दुसऱ्या दिवशी, पुरेसे तास मोजूनच आणावी.