दोन चौकटींमधली पांढरी पट्टी

१९५५ साली अमेरिकेत दहा सेंटला 'इम्पॅक्ट' नावाचं एक कॉमिक मिळत असे. त्याच्या पहिल्याच अंकात 'मास्टर रेस' ही आठ पानांची गोष्ट आली. कार्ल रायसमन नावाचा माणूस न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतून चालला आहे. डब्यात काळ्या कपड्यांतला एक प्रवासी चढतो आणि रायसमनला धडकी भरते. नाझी छळछावणीचे दिवस त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आपण समजतो, हा बिचारा छावणीतून वाचलेला दिसतोय. शेवटाकडे उलगडा होतो: रायसमन त्या छावणीचा प्रमुख होता, आणि वाचलेला आहे तो काळ्या कपड्यांतला प्रवासी. रायसमन जिवाच्या आकांताने पळतो, फलाटावर घसरतो आणि येणाऱ्या गाडीखाली सापडतो.

चित्रकार बर्नार्ड क्रिगस्टीन यांना या गोष्टीसाठी सहा पानं मिळाली होती. त्यांनी भांडून आठ मिळवली, कारण त्यांना वेळ दाखवायचा होता. रायसमनचं घसरणं त्यांनी अरुंद, उभ्या चौकटींत चिरून ठेवलं, त्यामुळे तो क्षण संपता संपत नाही. धावत्या गाडीच्या खिडकीतला एकच चेहरा त्यांनी शेजारी-शेजारी पुन्हा पुन्हा काढला, आणि स्थिर कागदावरून गाडी सुसाट निघून गेली. चौकट रुंद केली की काळ रेंगाळतो, अरुंद केली की श्वास अडकतो. सिनेमात वेळेची दोरी दिग्दर्शकाच्या हाती असते. इथे अख्खं पान एकाच वेळी समोर असतं. भूतकाळ डावीकडे, भविष्य उजवीकडे, आणि वर्तमान तिथे, जिथे या घटकेला आपली नजर आहे. काळ असा जागेत मांडून दाखवणारी कला मला अजूनही चकित करते.

त्याहून मोठं नवल चौकटींच्या बाहेर आहे. समजा, पहिल्या चौकटीत एक हात दाराच्या कडीवर आहे. दुसऱ्या चौकटीत खोलीच्या आत उपडी पडलेली खुर्ची दिसते. दार उघडणारा माणूस कोणी काढलेलाच नाही. तरीही आपण तो पाहिला. दाराची करकर ऐकली, पाऊल आत टाकलं. हे सगळं घडलं त्या दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत, जिथे शाईचा एक ठिपकाही नाही. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली कॉमिक्सची ही किमया उलगडून सांगणारं अख्खं पुस्तक लिहिलं, आणि तेही कॉमिकच्याच रूपात. त्यांचं म्हणणं असं की कॉमिक्सची खरी जादू त्या मोकळ्या जागेत आहे आणि तिथे चित्रकाराइतकाच वाचकही काम करतो.

हे काम किती सखोल आहे, याचा माग मेंदूतही लागतो. नील कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'पीनट्स' या चित्रमालिकेतल्या चौकटी घेतल्या, वाचकांना त्या कधी नीट क्रमाने, तर कधी विस्कळीत क्रमाने दाखवल्या, आणि मेंदूतल्या विद्युत्-लहरी मोजल्या. २०१२ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाक्यात एखादा शब्द अर्थाने खटकला की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठरावीक लहर उमटते. चौकटींचा अर्थ जुळेनासा झाला तेव्हा तशीच लहर उमटली. 'नुसती चित्रंच तर बघायची असतात' असं आपण म्हणतो, त्या वाचनात मेंदू भाषेच्या वाचनाशी जवळचं नातं असलेलं काम करत असतो.

आणि नेमकं हेच काम नाकारलं गेलं. 'मास्टर रेस' बाजारात आली तेव्हा अमेरिकेत कॉमिक्सवर रान उठलेलं होतं. फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञांच्या १९५४ सालच्या पुस्तकाने पालक हादरले होते. कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगारीकडे वळतात, असा त्यांचा दावा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये सुनावणी घेतली. घाबरलेल्या प्रकाशकांनी मिळून स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. या संहितेचा शिक्का नसेल तर विक्रेते अंक ठेवायला तयार नसत.

पुढे काय झालं ते मुळातून समजून घेण्यासारखं आहे. 'मास्टर रेस' छापणाऱ्या ईसी कॉमिक्सने १९५३ साली 'जजमेंट डे' नावाची एक गोष्ट छापली होती. पृथ्वीवरचा एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर तपासणीला जातो. तिथे नारिंगी यंत्रमानवांना सगळ्या सवलती आहेत, तर निळ्यांना वेगळ्या वस्तीत ठेवलं आहे. दोघांच्या आतली यंत्रणा मात्र एकसारखी. हा ग्रह आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात यायला अजून लायक नाही, असा निवाडा देऊन अंतराळवीर परत निघतो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो आणि कळतं की तो कृष्णवर्णीय आहे. १९५६ सालच्या एका अंकात ही गोष्ट पुन्हा छापायची ठरली, तेव्हा संहितेच्या अधिकाऱ्याने त्याच चौकटीवर बोट ठेवलं: अंतराळवीर काळा नको. प्रकाशक विल्यम गेन्स आणि संपादक अल फेल्डस्टाइन हटले नाहीत. गोष्ट जशीच्या तशी छापली गेली. तो अंक ईसीचं शेवटचं कॉमिक ठरला.

वर्थम दुष्ट नव्हते. हार्लेममध्ये त्यांनी गरीब कृष्णवर्णीयांसाठी मानसोपचाराचं केंद्र चालवलं. शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यात त्यांच्या संशोधनाचा आधार घेतला गेला. अशा माणसाच्या मोहिमेतून उभी राहिलेली व्यवस्था एका काळ्या अंतराळवीराला आडवी आली. एखादी कला आधीच हलकी ठरवली की सज्जन माणसालाही तिच्यातलं चांगलं दिसेनासं होतं. वर्थम यांची कागदपत्रं खुली झाल्यावर इलिनॉय विद्यापीठाच्या कॅरोल टिली यांनी ती तपासली. मुलांच्या जबान्या वर्थम यांनी बदलल्या होत्या, वेगवेगळ्या मुलांचं बोलणं एकत्र केलं होतं, असं टिली यांनी २०१२ साली दाखवून दिलं. कॉमिक्सचं बरंच नुकसान तोवर होऊन गेलं होतं.

तरीही रोप जगलं. 'मास्टर रेस'चा विद्यार्थिदशेतच बारकाईने अभ्यास केलेल्या आर्ट स्पिगलमन यांनी पुढे आपल्या वडिलांची आउश्विट्झमधली कहाणी 'माउस' या कॉमिकमधून सांगितली. त्यात ज्यू उंदीर आहेत आणि जर्मन मांजरं. १९९२ साली या पुस्तकाला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला.

आपल्याकडेही शाळेच्या पुस्तकात लपवून इंद्रजाल कॉमिक्स वाचणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या. मोठी माणसं ते हिसकावून घेत आणि 'काहीतरी चांगलं वाच' म्हणून सांगत. पण ओळीने चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची रीत या मातीला नवी नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रं एकेक करून प्रेक्षकांपुढे धरतात आणि वाद्यांच्या साथीत कथा गातात. चित्रांच्या अशा संचाला ते पोथी म्हणतात. एक चित्र खाली गेलं आणि दुसरं वर आलं, त्या मधल्या क्षणात श्रोते स्वतःच कथा पुढे नेतात. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या परंपरेचा रास्त गौरव झाला. तीच क्षमता दहा सेंटच्या कागदावर दिसली तर ती हलकी का ठरावी?

आज हाच तुच्छतेचा सूर व्हिडिओ गेम्सना ऐकावा लागतो. लुकास पोप यांचा २०१३ सालचा 'पेपर्स, प्लीज' खेळून पाहा. एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर तुम्ही कागदपत्रं तपासणारे कारकून आहात. नियम मोडून एखाद्याला आत सोडलंत तर दंड बसू शकतो, आणि रात्री घरात अन्न की ऊब यातलं एकच परवडतं. कादंबरी वाचून आपल्याला पात्राची दया येते, राग येतो. इथे शिक्का आपल्याच हाताने मारलेला असतो, म्हणून अपराधीपणही आपलंच असतं. असा अनुभव दुसरी कुठलीही कला इतक्या थेटपणे देत नाही.

रद्दी कॉमिक्स असतात, रद्दी गेम्सही असतात. रद्दी कादंबऱ्यांचीही कमतरता नाही, पण त्यापायी कोणी कादंबरी हा प्रकारच मोडीत काढत नाही. तोच न्याय इथेही हवा. म्हणून घरातल्या मुलाच्या हातून कॉमिक काढून घेण्याआधी ते एकदा स्वतः शेवटपर्यंत वाचा. गेम बंद करायला लावण्याआधी शेजारी बसून तासभर खेळा. मग खुशाल मत बनवा.