खेड्यात म्हणे डिमेन्शिया नसतो!

"रजिस्टर बघा की, पेशंटच येत नाहीत. खेड्यातल्या माणसाला कुठला आलाय डिमेन्शिया?"

एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एकदा भरणारी विस्मरणाची ओपीडी बंद करायची का, यावरच्या बैठकीत हे वाक्य कानावर आलं. पहिल्यांदा नव्हे. शेतात राबणारा, घरचं खाणारा, नातवंडांत रमणारा माणूस. त्याला हा शहरी आजार होईलच कसा, असं शिकलीसवरलेली माणसंही छातीठोकपणे सांगतात. ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आधी आकडा. देशभरातल्या ज्येष्ठांच्या 'लासी-डॅड' पाहणीवरून २०२३ साली अंदाज प्रसिद्ध झाला: भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे ७.४ टक्क्यांना डिमेन्शिया आहे. शहरात ५.३ टक्के, खेड्यात ८.४. हो, खेड्यातच जास्त. बायकांत ९ टक्के, पुरुषांत ५.८. यात नवल नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी १४ कारणं मोजली, त्यात कमी शिक्षण आहे. ज्यांना पाटी-पुस्तकाऐवजी शेरडं राखायला धाडलं, त्या मुलींच्या आज आज्या झाल्या आहेत.

मग हा समज आला कुठून? हवेतून नाही, एका चांगल्या अभ्यासातूनच. १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या गावांत संशोधक घरोघर फिरले. चाचणी त्यांनी निरक्षरांसाठी मुद्दाम बदलून घेतली होती. 'डोळे मिटा' असं लिहिलेला कागद वाचायला देण्याऐवजी तपासणारा स्वतः डोळे मिटायचा आणि समोरच्याने तसंच करायचं. तिथे अल्झायमरचं प्रमाण निघालं ते जगातल्या सर्वांत कमी नोंदींपैकी एक. कमी आयुर्मान आणि पाहणीचा तोकडा काळ यामुळेही आकडा लहान दिसत असेल, असं त्यांनीच बजावलं होतं. पण बजावलेलं कोण वाचतो? लोकांनी त्यातून हळद उचलली. म्हणे हळदीमुळे भारतीय खेडी वाचली! अहो, शहरातल्या फोडणीत काय गुलाल घालतात का? हळदीतल्या कुर्कुमिनच्या चाचण्या रुग्णांवर झाल्या. अल्झायमरमध्ये फायदा दिसला नाही.

खरी गोम पुढेच आहे. वेल्लोर जिल्ह्यातल्या गावांसह अनेक देशांत झालेला '१०/६६' या संशोधक गटाचा अभ्यास २००८ साली लॅन्सेटमध्ये आला. अमेरिकी मानसोपचार संघटनेचे तेव्हा प्रचलित असलेले निकष लावले, तर ग्रामीण भारतात डिमेन्शिया ०.३ टक्के. गटाने अशा समाजांसाठी बेतलेली पद्धत लावली, तेव्हा एकाही ठिकाणचा आकडा ५.६ टक्क्यांखाली आला नाही. माणसं तीच, गावंही तीच. जुन्या निकषांत विसरण्यामुळे रोजच्या व्यवहारात अडचण आल्याचं दिसावं लागतं, आणि घरचे तर "काही अडचण नाही" म्हणून मोकळे होतात.

ते खोटंही बोलत नसतात. एका घरी मी विचारलं, "आजी विसरतात का?" सूनबाई म्हणाल्या, "नाही हो, वय झालंय इतकंच." आजीला तारीख सांगता आली नाही, पण तारीख त्यांना कधीच येत नव्हती, त्या चालतात संकष्टीवर आणि बाजाराच्या वारावर. मग विचारलं, "भाकरी कोण करतं?" "मीच. दोन वर्षं झाली, त्यांना चुलीपाशी बसूच देत नाही. पिठात मीठ दोनदा घालायच्या, एकदा पदर पेटता पेटता राहिला." पाणी आणायला नात सोबत जाते, कारण आजी एकदा भलत्याच वाडीत जाऊन बसल्या होत्या. शहरात एटीएमचा पिन विसरला की बोभाटा होतो. इथे आजीचं एकेक काम घर गुपचूप स्वतःकडे घेतं, आणि आजार झाकला जातो.

बाकीचे समज थोडक्यात. 'वय झालं की होणारच': साठीपुढच्या शंभरातल्या ९२ जणांना होत नाही, त्याचं काय? 'डिमेन्शिया म्हणजेच अल्झायमर': तो साठ-सत्तर टक्के रुग्णांत, शिवाय बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त यांनीही विसरायला होतं, आणि त्यांवर उपचार आहेत. औषध नाही तर तपासायचं कशाला, म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. 'बाहेरचं काहीतरी आहे': नसलेली माणसं दिसणं हे ल्युई बॉडी डिमेन्शियाचं लक्षण आहे, देवऋषी नको. 'मुलांनी बघितलं नाही म्हणून झालं': विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या संशोधकांना गोव्यातही लोकांकडून हेच ऐकायला मिळालं होतं; आजाराचं खापर सुनेवर, आणि रात्र रात्र जागते तीच.

'डिमेन्शियाची सोय म्हणजे खाटा, खर्च आणि वृद्धाश्रम' हेही खरं नाही. गोव्यातल्याच दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांवर एक चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २००८ साली आला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्या घरी जायच्या, आजार समजावून सांगायच्या, आरडाओरडा किंवा भटकणं कसं हाताळायचं ते शिकवायच्या. लागलं तर मानसोपचारतज्ज्ञ. सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला. पण अशा कार्यकर्तीच्या मागे उभा राहणारा डॉक्टर तालुक्यातच हवा. १४४१६ ही टेलिमानसची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन चांगलीच आहे, पण बी-१२ची कमतरता फोनवर तपासता येत नाही.

राहिलं ते रजिस्टर. विस्मरणाच्या ओपीडीचं कोरं होतं, मान्य. शेजारच्या सर्वसाधारण ओपीडीचं मी चाळलं: 'म्हातारी पडली', 'हात भाजला', 'झोप नाही', 'साखर वाढली, गोळ्या घेत नाहीत'. यातल्या किती जणी विसरत होत्या, कोणी विचारलंच नव्हतं.

बैठकीत शेवटी मागच्या खुर्चीवरच्या आशाताई उठल्या. म्हणाल्या, "साहेब, ओपीडी मंगळवारी. आमच्याकडची वडाप बाजाराच्या दिवशी सुटते, शुक्रवारी. म्हातारीला आणायचं कशात?"