शहरे एक होतात तेव्हा

अनेक नगरपालिका मिळून एक महानगरपालिका झाली, अशी वार्ता ऐकली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम नकाशा उभा राहतो. काल ज्या रेषा होत्या त्या आज पुसल्या गेल्या, आणि पाच-दहा गावांच्या जागी एक मोठे शहर झाले, एवढेच आपल्याला वाटते. परंतु ज्याचे आयुष्य कचेरीत गेले आहे त्याला निराळेच चित्र दिसते. त्याला दिसतात दप्तरांचे गठ्ठे, निरनिराळ्या दरांनी आकारलेल्या घरपट्टीची खातेपुस्तके, सेवाज्येष्ठतेच्या याद्या, आणि आता आपण कोणत्या दारी जावयाचे, असे विचारणारा जन्ममृत्यूच्या दाखल्यासाठी आलेला एखादा वृद्ध गृहस्थ.

शहरांच्या एकीकरणात वस्तुतः तीन गोष्टी एकत्र करावयाच्या असतात : अधिकार, दप्तर आणि जागा. अधिकार एका कायद्याने एका दिवसात एकत्र होतात. दप्तर एकत्र व्हावयास काही वर्षे लागतात. जागेचा प्रश्न मात्र सर्वांत सोपा समजला जातो. एक मोठी इमारत बांधली आणि सर्वांना तिच्यात बसविले की काम झाले, अशी समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हे आपल्या राजधानीच्या उदाहरणावरून पाहता येईल.

१९५७ च्या कायद्यान्वये ७ एप्रिल १९५८ रोजी दिल्ली महानगरपालिका अस्तित्वात आली. तत्पूर्वी दिल्लीचा कारभार अनेक लहानमोठ्या संस्थांत विभागलेला होता. जुन्या शहराची नगरपालिका, शाहदऱ्याची नगरपालिका, मेहरौली, नरेला, नजफगढ यांच्या समित्या आणि ग्रामीण भागाचे जिल्हा मंडळ, या सर्वांचा वारसा एका संस्थेकडे आला. नवी दिल्ली आणि छावणी हे भाग तेवढे वेगळे राहिले. पाणी, वीज आणि बसवाहतूक हीही कामे नव्या संस्थेकडे सोपविण्यात आली. पुढे १९७१ मध्ये बसवाहतूक आणि १९९० नंतरच्या दशकात वीज व पाणी तिच्याकडून निघून गेले. अरुणा असफ अली या पहिल्या महापौर झाल्या.

या संस्थेचे घर होते चांदणी चौकातील टाऊन हॉल. १८६० नंतरच्या दशकात उभी राहिलेली ही इमारत ज्या ठिकाणी आहे, तेथे पूर्वी शाहजहानची कन्या जहानआरा हिने बांधविलेली सराई होती. समोरच्या चौकातील हौदात चांदणे पडे म्हणून त्या पेठेला चांदणी चौक हे नाव मिळाले, असे सांगतात. १९१९ च्या सत्याग्रहात स्वामी श्रद्धानंद सैनिकांच्या संगिनींपुढे छाती उघडी करून उभे राहिले ते याच परिसरात; आणि स्वातंत्र्यानंतर टाऊन हॉलपुढील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याच्या जागी त्यांचाच पुतळा उभा राहिला. म्हणजे कर भरण्यासाठी आलेला नागरिक ज्या पायऱ्या चढे, त्या पायऱ्यांसमोरच नगराच्या इतिहासाची पाने उलटली होती. जेथे काम नसतानाही माणसाला उभे राहता येते, सभा भरविता येते, गाऱ्हाणे मांडता येते, अशी ती जागा होती.

शहर वाढले तशी इमारत अपुरी पडू लागली, हे नाकारता येणार नाही. २०१० मध्ये रामलीला मैदानाजवळील अठ्ठावीस मजली नव्या नागरी केंद्राचे उद्घाटन झाले आणि महापालिकेचे बिऱ्हाड तेथे गेले. विखुरलेले विभाग एका छपराखाली यावेत हा हेतू योग्यच होता. परंतु नियतीचा विनोद पाहा. २०१२ मध्ये महापालिकेचेच उत्तर, दक्षिण आणि पूर्व असे तीन तुकडे करण्यात आले. एकासाठी बांधलेल्या घरात उत्तर आणि दक्षिण या दोन संस्था नांदू लागल्या, आणि पूर्वेच्या संस्थेने पटपडगंज येथे आपली कचेरी थाटली. भाग समान नव्हते, उत्पन्नही समान नव्हते. सधन वस्त्यांची घरपट्टी एकीकडे आणि दाट वस्त्यांची सफाई दुसरीकडे, अशी वाटणी झाल्यावर कामगारांचे पगार थकू लागले. अखेर संसदेने २०२२ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि २२ मे २०२२ रोजी तिन्ही संस्था पुन्हा एक झाल्या.

या दहा वर्षांच्या उलाढालीत एक गोष्ट स्थिर राहिली, तीकडे मला आपले लक्ष वेधावयाचे आहे. ती म्हणजे बारा परिमंडळांची रचना. विभाजनाच्या वेळी सहा परिमंडळे उत्तरेकडे, चार दक्षिणेकडे आणि दोन पूर्वेकडे गेली. एकीकरणानंतर ती बाराच्या बारा परत आली. वरची पाटी दोनदा बदलली, पण नागरिकाला ज्या कचेरीत जावयाचे होते ती त्याच्या भागातच राहिली. मुंबईचा अनुभवही असाच आहे. १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरे मुंबईत सामील झाली. बोरीबंदरासमोरची मुख्य कचेरी एकच राहिली, परंतु अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या विभाग कचेऱ्या वाढत गेल्या. अधिकार एकवटावा, दारे मात्र विखुरलेलीच असावीत, असा याचा अर्थ.

दारांचा प्रश्न असा सुटतो. चौकाचा सुटत नाही. तो कसा सोडवावा याचे एक उदाहरण परदेशातले आहे. कॅनडातील टोरोंटो येथे १ जानेवारी १९९८ रोजी सहा नगरपालिका आणि त्यांच्यावरची महानगर संस्था अशी सात प्रशासने एक करण्यात आली. लोकांचा विरोध मोठा होता. नव्या सभेने कोठे बसावे, हाही वाद झाला. महानगर संस्थेची इमारत नवीन, १९९२ सालची होती. तरीही शेवटी पसंती मिळाली ती १९६५ च्या नगरगृहाला, ज्याच्या पुढे विस्तीर्ण चौक आहे आणि हिवाळ्यात जेथील गोठलेल्या तळ्यावर मुले घसरत खेळतात. नॉर्थ यॉर्क, स्कार्बरो यांसारख्या जुन्या नगरांची नागरी केंद्रेही त्यांच्या चौकांसह वापरात ठेवण्यात आली.

आपल्याकडे टाऊन हॉलमधून कचेरी गेली आणि मागे एक रिकामी वास्तू उरली. तिचे संग्रहालय करावे, अन्य काही करावे, अशा योजना मांडल्या गेल्या. त्या सर्वांचा विचार तज्ज्ञांनी करावा. माझे म्हणणे एवढेच की, त्या वास्तूत नगरपालिकेची निदान एक खिडकी आणि नागरिकांच्या सभेसाठी एक दालन असावे. जुन्या नगरगृहातून शेवटचे कपाट हलते तेव्हा केवळ जागा मोकळी होत नाही. हे शहर आपले आहे, असे सांगणारी एक खूण मुकी होते. शहरे एक करणाऱ्यांनी हिशेबाच्या वहीत हा खर्चही मांडून ठेवला पाहिजे.