वटवाघळातला ‘मालसूर’

२०१० साली पश्चिम भारतात केलेल्या पाहणीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला फळे खाणाऱ्या ‘रूसेटस’ वटवाघळांत एक अनोळखी विषाणू सापडला. आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या पेशींत तो वाढवला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. विषाणूच्या कुटुंबाचा अंदाज रूपावरून बांधता येतो, पण नाते पक्के ठरते ते जनुकक्रमावरून. या विषाणूचा आरएनए तीन तुकड्यांत असतो. संपूर्ण क्रम वाचून आधी माहीत असलेल्या विषाणूंशी ताडून पाहिला, तेव्हा जवळचे नातलग निघाले दूरदेशचे. त्यातला एक चीनमध्ये तीव्र ताप आणणारा आणि रक्तातील प्लेटलेट घटवणारा, तर दुसरा अमेरिकेतल्या मिझुरीत आढळलेला ‘हार्टलँड’. दोन्ही गोचिडीतून माणसात येतात. ‘मालसूर’ हे नाव मिळालेल्या या विषाणूची माहिती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली.

नातलग घातक म्हणून हाही घातकच, असे मात्र नाही. माणसाला त्याने आजारी केल्याचे त्या संशोधनात दिसले नव्हते. वटवाघळे परागीभवन करतात, बिया पसरवतात. भीतीपोटी त्यांना मारू नका, त्यांच्या गुहांत उगाच शिरू नका.