वणव्यानंतरचे रान : लावायचे की राखायचे?

वणव्याने काळेठिक्कर पडलेले रान पाहिले, की नवी झाडे लावण्याचा विचार प्रथम मनात येतो. पण जळलेले रान म्हणजे मेलेले रान, असे नेहमीच नसते. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण पाहू या.

१९८८ च्या कोरड्या उन्हाळ्यात या उद्यानाच्या सुमारे ३६ टक्के भागातून आग फिरली. सप्टेंबरमधील पावसाने व बर्फाने ती आवरली. त्यानंतर तेथे मोठी वृक्षलागवड झाली नाही. दुरुस्ती झाली ती मुख्यतः माणसाने केलेल्या जखमांची. आग अडवण्यासाठी बुलडोझरने खरवडलेल्या पट्ट्यांवर माती पुन्हा पसरण्यात आली.

मग जंगल परतले कसे? तेथील मुख्य वृक्ष लॉजपोल पाइन. यांपैकी पुष्कळ झाडांवर राळेने घट्ट मिटलेले शंकू वर्षानुवर्षे टिकून राहतात. आगीच्या उष्णतेने राळ वितळते, शंकू उघडतात आणि राखेवर बी पडते. म्हणजे आगीत झाड मरते, पण त्याच आगीने त्याची पुढची पिढी मोकळी होते. गवताची व झुडपांची मुळेही जमिनीखाली बरीचशी वाचतात आणि त्यांना धुमारे फुटतात.

जळून उभी राहिलेली खोडेसुद्धा निरुपयोगी नसतात. त्यांत भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढतात, अळ्या खायला सुतार पक्षी येतात आणि त्यांनी कोरलेल्या ढोल्यांत पुढे इतर पक्षी घरटी करतात. खोडे तोडून रान ‘साफ’ केले, तर हा निवाराच नाहीसा होतो.

या व्यवस्थेला एक अट मात्र आहे. दोन मोठ्या वणव्यांमध्ये पुरेसा काळ जायला हवा. पूर्वी तेथे तो साधारण १०० ते ३०० वर्षांचा असे. २०१६ मध्ये या परिसरातील, १९८८ नंतर उगवलेले काही तरुण जंगल अवघ्या २८ वर्षांत पुन्हा जळाले. झाडांवर बियांचा साठा पुरेसा जमलेलाच नव्हता. परिणामी या वेळी रोपे आधीच्या जेमतेम एक षष्ठांश उगवली. तापत्या हवामानात असे लवकर परतणारे वणवे वाढण्याची भीती आहे.

म्हणून विद्यार्थ्यांपुढे तीन प्रश्न ठेवावेत. बी शिल्लक आहे का? मुळे जिवंत आहेत का? माती जागेवर आहे का? उत्तरे होकारार्थी असतील, तर राखण पुरते. नसतील, तेथे कुदळ हाती घ्यावी.